वही, पेन्सिल आणि रानातली पाखरं



मागच्या आठवड्यात कोतवालाचं चित्र टाकलं, तेव्हापासून दोन सवाल सारखे येतायत. शेतकरी भावांचा सवाल असा की, हातात मोबाईल असताना चित्र काढत कशाला बसता, फोटो काढा आणि मोकळे व्हा. दुसरा सवाल शेतीखात्यातल्या आणि कॉलेजातल्या मंडळींचा. ते म्हणतात, चित्रं चांगली आहेत, पण पिकाला त्याचा उपयोग काय? दोन्हीचं उत्तर एकदाच सविस्तर लिहितो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल. शिक्षण दहावी. शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, बी ग्रेड होती. पुढं रान, बैल, विहीर, लेकरं, यात पेन्सिल कुठं गेली कळलं नाही. सोलापूरकडचं कोरडवाहू रान आमचं. खाली काळी, तिथं ज्वारी, हरभरा, करडई, थोडी तूर. वर दोन एकर मुरमाड माळ.

नऊ वर्षांपूर्वी हरभऱ्यात पक्षीथांबे लावले. आमचे कृषी सहायक म्हणाले, नुसते लावू नका, त्यावर कोण बसतं ते लिहून ठेवा. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू हे आपल्याला लहानपणापासून माहीत. पण एक पाखरू यायचं, करड्या डोक्याचं, डोळ्यावर काळी पट्टी बांधल्यासारखं, चोचीचं टोक वाकडं. नाव येईना. नाव येत नाही तर लिहायचं काय? म्हणून खताच्या पावतीमागं आकार काढून ठेवला. पुढं पुस्तकाशी ताडून पाहिला तर तो खाटीक निघाला. टोळ, सरडे पकडून बाभळीच्या, बोरीच्या काट्याला अडकवून ठेवतो, म्हणून खाटीक. आमच्या बांधावरच्या बोरीला टोळ टोचलेले मी पुष्कळदा पाहिले होते. ते कोणाचं काम हे त्या पावतीमागच्या चित्रानं कळलं.

तेव्हापासून वही सुरू झाली. आता सातवी वही चालू आहे.

साहित्य काय लागतं

फार काही नाही. पोरांची चित्रकलेची साधी वही, एक एचबी आणि एक टू-बी पेन्सिल. खोडरबर मी रानात नेत नाही. रबर असला की माणूस पाखराकडं बघायचं सोडून कागदच घासत बसतो. रंगाला कॅमलची वॉटर कलरची डबी आणि दोन ब्रश, एक जाड, एक बारीक. रंगकाम घरी, रात्री जेवण झाल्यावर. आठ बाय चाळीसची दुर्बीण मुलानं घेऊन दिली, पण पहिली चार वर्षं दुर्बिणीविनाच गेली.

पन्नाशीच्या लोकांना एक सांगतो. चाळिशीचा चष्मा असेल तर वर पाखरू दिसत नाही आणि चष्मा काढला तर खाली वही दिसत नाही. दोन भिंगांचा चष्मा करून घ्या. मी तो चित्रासाठी केला, आता औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचता येतात.

बसायला गोणपाट, मातकट रंगाचा सदरा. पांढरा सदरा घालून बसलात तर पाखरं दूर जातात. आणि आपण शेतकऱ्यांना एक फायदा आहे. बाहेरून आलेला माणूस दिसला की पाखरू उडतं, पण औत चालू असताना, पाणी देताना ते आपल्याला मोजतच नाही. दारं धरता धरता मी काढलेल्या गायबगळ्यांची चित्रं दुर्बीण लावून काढलेल्यांपेक्षा चांगली आली आहेत.

फोटो का नाही

फोटो वाईट नाही, मी पण काढतो. पण फोटो काढायला एक क्षण लागतो आणि तेवढ्यात आपलं बघणं संपतं. चित्राला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत पाखरू चार वेळा खाली उतरतं, चार वेळा परत येतं, काहीतरी घेऊन येतं. आपल्याला ते बघावंच लागतं, कारण पेन्सिल अडलेली असते. चोच किती लांब? डोक्याएवढी की डोक्याच्या अर्धी? शेपूट पंखाबाहेर किती? हे प्रश्न मोबाईल आपल्याला विचारत नाही, कागद विचारतो.

चित्र कसं काढायचं

मला कुणी शिकवलं नाही, करत करत जे जमलं ते सांगतो.

पहिली दोन मिनिटं पेन्सिल उचलायची नाही. नुसतं बघायचं. पाखरू उभं बसलंय का आडवं? कोतवाल थांब्यावर ताठ बसतो, पोलिसासारखा. साळुंकी चालताना जवळजवळ जमिनीला समांतर. टिटवी उभी राहते तेव्हा पाय लांब, अंग आडवं. ही जी पाठीची रेघ आहे ती आधी एका झटक्यात काढायची. ती बरोबर आली की निम्मं पाखरू आलं.

मग अंड्याचा आकार. मोठं अंडं म्हणजे धड, लहान अंडं म्हणजे डोकं. मान कुठं संपते हे बघत बसू नका, पाखराची मान पिसांत दडलेली असते. त्यानंतर चोच, आणि चोचीच्या रेषेवर डोळा. डोळा बहुतेकांचा वाटतो त्यापेक्षा पुढं असतो. शेवटी पाय. पाय धडाच्या मधोमध टेकले नाहीत तर पाखरू कागदावर पडल्यासारखं दिसतं.

पाखरू हललं तर वैतागायचं नाही. अर्धं चित्र तसंच सोडायचं आणि शेजारी नवीन चालू करायचं. एका पानावर माझी पाच-सहा अर्धवट चित्रं असतात. पाखराची बसायची ठरलेली ढब असते. मान वळवून पंख साफ करेल, परत सरळ बसेल, परत खाली बघेल. दहा मिनिटांनी पहिल्यासारखं बसलं की पहिलं चित्र पुढं न्यायचं.

रंग रानात भरायचे नाहीत, शब्दांत लिहायचे. बाण काढून लिहायचं, इथं विटकरी, इथं ताकासारखा पांढरा, इथं जुन्या पत्र्यासारखा. आपल्या ओळखीच्या वस्तूचं नाव लिहिलं की रात्री रंग बरोबर आठवतो.

आणि एक नियम मी पक्का पाळतो. जे दिसलं नाही ते काढायचं नाही. पाय गवतात असतील तर चित्रात पाय नाहीत. पुस्तकात बघून पाय जोडले की ती नोंद राहत नाही, ती नक्कल होते.

काळ्या रंगाचं सांगतो. डबीतला काळा रंग सरळ लावला तर कोतवाल कोळशाच्या तुकड्यासारखा दिसतो. निळा आणि तपकिरी मिसळून गडद करायचा, आणि पाठीवर ऊन चमकतं तिथं कागद कोरा सोडायचा. चोचीच्या मुळाशी पांढरा ठिपका असतो, तोही कोरा सोडायचा. नीलपंखाची गंमत वेगळी. तारेवर बसला की तपकिरी, मळकट. पंख उघडले की असा निळा दिसतो की डबीतला कुठलाच रंग पुरत नाही. त्याचं एक बसलेलं आणि एक उडतं, अशी दोन चित्रं काढल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

चित्राखाली तारीख, वेळ, पीक किती दिवसांचं, वारं, ढग आणि चोचीत काय होतं, एवढं लिहायचंच. शेतकऱ्याच्या वहीत ही ओळ चित्रापेक्षा महत्त्वाची.

वहीनं काय शिकवलं

आता दुसऱ्या सवालाकडं येतो, पिकाला उपयोग काय.

थांब्यावर बसणारी सगळी पाखरं अळ्या खायलाच बसतात असं नाही. वेडा राघू हवेत उडणारं पकडतो, चतुर, माश्या, आणि मधमाश्याही. परत फांदीवर येऊन आपटतो आणि गिळतो. घाटेअळीच्या कामात त्याचा हिशोब धरू नका. कोतवाल उडते पतंगही धरतो आणि खाली झेप घेऊन अळीही उचलतो. साळुंक्या थांब्यावर थोडा वेळ बसतात, मग खाली उतरून ओळीतून चालत झाडं तपासतात. माझ्या वहीत चोचीत अळी असलेली चित्रं सगळ्यांत जास्त साळुंकीची आहेत. गायबगळा पाणी दिलेल्या रानात आणि नांगरामागं, किडे वर आले की. म्हणजे एकाच रानात प्रत्येकाची वेळ वेगळी, जागा वेगळी, काम वेगळं.

थांब्याचंही तसंच. कोतवालाच्या पायाची बोटं काढताना लक्षात आलं की तो बोटं गुंडाळून पकडतो. गुळगुळीत पाइपाच्या तुकड्यावर बसला की सरकतो, दोनदा पंख हलवतो आणि निघून जातो. बाभळीच्या अंगठ्याएवढ्या खडबडीत काटकीवर निवांत बसतो. तेव्हापासून थांब्याला आडवी काठी खडबडीतच लावतो, पिकाच्या वर हात-दीड हात. एकरी वीस लावतो. शिवाय हरभरा पेरताना थोडी ज्वारी मिसळून टाकतो. ताटं उभी राहिली की तेच थांबे.

कापशी घार आमच्याकडं करडईवर घिरट्या घालते. एका जागी पंख फडफडवत थांबते, मग पाय खाली सोडून दगडासारखी पडते. लाल डोळा, खांद्यावर काळा डाग, बाकी राखी-पांढरी. तिचं चित्र उडतीच काढावं लागतं, म्हणून चार वर्षं लागली. पायात उंदीर घेऊन बाभळीवर बसलेली दिसली की मला चित्रापेक्षा उंदराचाच आनंद जास्त.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा पाखरांचा वकील झाला. राघू ज्वारीचं आणि मक्याचं नुकसान करतात, होले पेरलेलं बी टिपतात. थंडीत भोरड्यांचे थवे येतात. ते टोळ आणि अळ्याही खातात, पण दाणे भरलेल्या ज्वारीवर उतरले तर कणसं रिकामी करतात. तेव्हा मी वही ठेवतो आणि गोफण घेतो. माझ्या आईनं माळ्यावर बसून ज्वारी राखली, मीही राखली. म्हणून दाणे भरायला लागले की ज्वारीतले थांबे मी काढून टाकतो. थांबा अळीच्या काळात मदत करतो, दाण्याच्या काळात चोराला बसायला खुर्ची देतो.

विषाच्या दाण्यांची गोष्ट

तीन वर्षांपूर्वी शेजारचे आबा बांधावर आले. वय सत्तरीच्या पुढं. त्यांच्या हरभऱ्यात घाटे पोखरलेले होते आणि सकाळ-संध्याकाळ साळुंक्यांचा थवा उतरत होता. आबांनी ठरवलं होतं की ज्वारीच्या दाण्यांना औषध चोळून बांधावर टाकायचं.

म्हणाले, "घाटे ह्याच फोडत्यात. मी डोळ्यानं बघितलंय."

मी वही आणली. त्या मोसमातली साळुंकीची सोळा चित्रं होती, त्यातल्या नऊ चित्रांत चोचीत अळी.

आबा म्हणाले, "कागदावर तू काय बी काढशील."

बरोबर होतं त्यांचं. मी म्हणालो, "आबा, अर्धा तास माझ्याबरोबर बसा. मग काय टाकायचं ते टाका."

बसलो दोघं बोरीखाली. दुर्बीण त्यांच्या हातात दिली, मी नुसती पेन्सिल धरली. पहिली दहा मिनिटं आबा बडबडत होते. मग गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "हिरवं काहीतरी लोंबतंय तिच्या तोंडात." ती अळी होती. पुढं अजून दोनदा दिसली. नंतर आम्ही रानात उतरून फुटलेले घाटे तोडून बघितले. गोल भोक, आत विष्ठा, एकात अळी अजून अर्धी बाहेर. चोचीनं फोडलेला घाटा असा नसतो.

आबांनी विषाचे दाणे टाकले नाहीत. ते टाकले असते तर साळुंक्या गेल्या असत्या, त्यांच्या मागं होले, तितर, आणि मेलेली पाखरं खाऊन कुत्री-मांजरंही. विषानं पाखरं मारणं कायद्यानंही गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या. पण आबा कायद्याला भ्यायले नाहीत, त्यांनी स्वतः बघितलं म्हणून थांबले.

पाखरांवर सगळं सोडून द्या असं मी म्हणत नाही. हरभऱ्यात मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की नुकसानीची पातळी आली असं धरतात. मी आधी मोजतो. फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी देतो, कामगंध सापळे बघतो, मग ठरवतो. एका वर्षी आठवडाभर ढगाळ हवा राहिली आणि अळी अशी वाढली की पाखरांना आवरेना, तेव्हा औषध मारावंच लागलं. पाखरू म्हणजे औषधाची बाटली नव्हे. पण ज्या वर्षी पाखरं भरपूर, त्या वर्षी एखादी फवारणी वाचते, एवढं माझ्या सात वह्या सांगतात.

हे काम नवीन नाही

शेतीतलं पाखरांचं काम बघायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत मेसन नावाच्या माणसानं पाखरांच्या पोटातलं अन्न तपासून कोण किडे खातो, कोण दाणे खातो याची नोंद केली. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्यासह तो ग्रंथ १९१२ साली छापला गेला. कृषी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर शोधून बघावा. त्यांनी पोट फाडून बघितलं, आपल्याला ते करायचं नाही. आपण चोचीत बघायचं.

डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सुगरणींची वसाहत बघण्यात महिने घालवले. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं बांधकाम, आणि एक संसार लागला की नर दुसरं घरटं बांधायला घेतो, हे त्यांनी बसून बघून लिहिलं. आमच्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणी आहेत. अर्ध्यावर सोडलेली घरटी मी दरवर्षी काढतो. पूर्वी वाटायचं वाऱ्यानं मोडली. आता कळतं की ती नापास झालेली घरं आहेत.

आणि त्याच्याही आधी, जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर नावाचा चितारी होता. पाखरं आणि फुलं अशी हुबेहूब काढायचा की बादशहानं त्याला 'नादिर-उल-असर' असा किताब दिला. चारशे वर्षांनी त्याची पाखरं बघून आजचे अभ्यासक ती कोणत्या जातीची हे ओळखतात. बघून काढलेलं चित्र एवढं टिकतं.

माळाचा प्रश्न

आता जे मनात आहे ते लिहितो.

आमच्या दोन एकर माळावर धाविक येतो. साळुंकीएवढं अंग, लांब पांढरट पाय, पोट विटकरी-नारिंगी, डोळ्यावरून एक काळी आणि एक पांढरी पट्टी. पळत पळत जातो, एकदम थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, परत पळतो. त्याला काढायचं तर थांबल्याच्या त्या दोन सेकंदांतच. उघड्या मुरमावर अंडी घालतो, घरटं असं काहीच नाही. अंडी खड्यांच्या रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून चैत्र-वैशाखात मी माळावर चालत नाही, बांधावरूनच बघतो. आपण जवळ गेलो की तो अंड्यावरून उठतो आणि त्या उन्हात अंडी भाजतात. चित्रासाठी कुणीही अंड्याजवळ जाऊ नका, फोटोसाठी तर नाहीच. माळावरच माळटिटवी असते, पिवळ्या गलोलाची. चंडोल आहेत, हिवाळ्यात भोवत्या येऊन गवतावरून खालून खालून तरंगत जातो.

पहिल्या वहीत मी एक नकाशा काढला होता. आमच्या शिवारात असे पडीक माळाचे तुकडे किती, ते. अकरा होते. धाविक दिसला की त्या तुकड्यावर टिंब द्यायचं. आता त्यातले चार राहिले. बाकी सपाट झाले, कुठं गाळ टाकून बाग, कुठं सोलर, कुठं प्लॉट. ज्यांनी केलं त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माळावर पोट भरत नाही.

माझे वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी ज्वारीच्या कडेला माळढोक चरताना दिसायचा. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजला अभयारण्य झालं. आता आमच्या जिल्ह्यात तो दिसला तर बातमी होते. माझ्या सात वह्यांत माळढोक नाही. वडिलांच्या सांगण्यावरून काढता आला असता, पण दिसलं नाही ते काढायचं नाही.

यंदा मुलानं विषय काढला. माळ जेसीबीनं सपाट करायचा, तलावाचा गाळ टाकायचा, डाळिंब लावायचं. त्याचा हिशोब कागदावर होता आणि तो खोटा नव्हता. कोरडवाहू ज्वारीवर दोन लेकरांचं शिक्षण होत नाही, हे मला त्यानं सांगायची गरज नाही.

"दादा, पाखरांना बाकीची रानं आहेत की," तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. पहिल्या वहीतला नकाशा काढून त्याच्यापुढं ठेवला. अकरातल्या सात तुकड्यांवर त्यानं बोट ठेवून बघितलं. सातही ठिकाणी आता काय आहे हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. दोन ठिकाणी तर जेसीबी त्यानंच ठरवून दिला होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सूनबाई म्हणाल्या, "वरच्या एकरात मुरूम एवढा आहे की तिथं गाळ दुप्पट लागेल. तेवढ्या ट्रॉल्यांचा खर्च निघायचा कधी? खालचा एकर करा, तिथं हातभर माती आहेच." कृषी पदविका केलेली पोरगी आहे. तिनं पाखराची बाजू घेतली नाही, ट्रॉलीची घेतली. पण माझं काम झालं.

ठरलं ते असं. खालच्या एकरात डाळिंब, वरचा एकर माळ म्हणून राहील. जेसीबी दिवाळीनंतर लावायचा आणि महाशिवरात्रीच्या आत काम संपवायचं. उन्हाळ्यात रानं मोकळी म्हणून सगळे तेव्हाच मशीन लावतात आणि नेमकी तेव्हाच माळावर अंडी असतात. वरच्या एकरातलं पवन्या आणि मारवेल गवत बी पडल्यावर कापायचं, जनावरांच्या वैरणीला. शेरडं चैत्र-वैशाखात तिकडं सोडायची नाहीत. गवताचं वजन मी करून ठेवणार आहे, म्हणजे त्या एकराचं उत्पन्न शून्य नाही हे मुलाला आणि मलाही आकड्यात दिसेल.

अर्ध्या माळावर धाविक टिकेल का, ते पुढच्या वह्या सांगतील. टिकला तर टिंब येईल, नाही टिकला तर जागा कोरी राहील. दोन्ही मी इथं टाकेन. गवताळ माळावर काम करणाऱ्या अभ्यासकांना विनंती, एवढ्या लहान तुकड्यात काय केलं तर जमिनीवर अंडी घालणारी पाखरं राहतात, हे आमच्या भाषेत कुणी सांगितलं तर उपकार होतील.

सुरुवात करायची असेल तर

एकच पाखरू धरा. कोतवाल सगळ्यांत सोपा, एका जागी बसतो आणि परत त्याच जागी येतो. आठवडाभर रोज दहा मिनिटं त्यालाच काढा. चित्र चांगलं येऊ दे न येऊ दे, चोचीत काय होतं ते लिहा. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तेव्हा हरभरा उगवून वर आलेला असतो, पोरांनाही वही देऊन बांधावर बसवा. मोबाईलपेक्षा बरं.

आणि थांब्याच्या काठ्या आत्ताच तोडून ठेवा. बाभळीच्या, अंगठ्याएवढ्या, साल न सोलता.

पुढच्या नोंदीत कामगंध सापळ्याचे यंदाचे आकडे टाकतो.

राम राम.